अडेनियमच्या कुंडीतलं देवांचं पाणी

माझ्या नवऱ्याला झाडांची फार माया, असं आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना त्याच्याबरोबर राहावं लागत नाही.

त्याच्याकडे एक अडेनियम आहे. वाळवंटातलं झाड, बुडाशी फुगलेलं आणि वर चार काटक्या. नर्सरीतून आणलं तेव्हा भरून फुललं होतं. घरी आल्यावर फुलं गळली आणि नंतर वर्ष गेलं तरी कळी धरेना. मग मोबाइलवर कुणीतरी त्याला सांगितलं की या झाडाचे लाड केले तर ते नुसती पानं काढत बसतं. फूल हवं तर ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, कडक उन्हात ठेवायचं आणि फांद्या छाटायच्या. हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी आमच्या लग्नाच्या फोटोंतही शोधून पाहिलाय. नाही सापडला.

ऊन आमच्याकडे एकाच ठिकाणी येतं, खिडकीच्या ग्रिलच्या उजव्या कोपऱ्यात. तिथे सासूबाईंची तुळस होती. त्याने तुळस डावीकडे सावलीत सरकवली आणि तिच्या जागी अडेनियम बसवलं. आईला सांगायची गरज त्याला वाटली नाही.

सासरे गेल्यावर सासूबाई कुडाळकडच्या गावाहून आमच्याकडे आल्या. काचबिंदूने नजर जवळजवळ गेलेली, जीभ मात्र शाबूत. आल्या तेव्हा घरातलं बरंच काम त्यांच्या हाताखालून जायचं. एकदा गॅस चालू राहिला, तर नवऱ्याने त्यांचं गॅसजवळ जाणं बंद केलं. बोट कापलं, तर विळी माळ्यावर गेली. जिन्यात पाय घसरला, तर खाली उतरणं संपलं. दर वेळी त्याचं कारण बरोबर असायचं, हीच त्याची खोड. शेवटी त्यांच्याकडे देवपूजा तेवढी उरली. गावाहून पिशवीतून आणलेले देव त्या बोटांनी ओळखायच्या. एकेकाला ताम्हणात घेऊन आंघोळ घालायच्या, पुसायच्या, गंध लावायच्या. तो तासभर त्या या घरातल्या कुणीतरी असायच्या. बाकी दिवस नुसत्या खुर्चीवर.

आता देवांच्या आंघोळीचं पाणी काही मोरीत ओतत नाहीत. ते तुळशीला जातं. सासूबाई भिंत धरत खिडकीशी यायच्या, ग्रिलचा उजवा गज चाचपायच्या आणि ताम्हण तिरकं करायच्या. तुळस तिथून हलली होती, पण हाताची सवय हलली नव्हती. असं थंडीभर देवांचं पाणी त्या वाळवंटाच्या झाडाला मिळत राहिलं.

खरी गंमत पुढे आहे. तहानलेलं अडेनियम बुडाशी मऊ पडतं. नवरा सकाळी चहाचा कप घेऊन बूड बोटाने दाबायचा आणि खूश व्हायचा. "मऊ पडतंय. झकास. अजून पाणी नको," म्हणायचा. कुजलेलं अडेनियमही मऊच लागतं, हे त्याला वास सुटल्यावर कळलं.

"वाट लागली यार. हे कुणी केलं?" तो ओरडला. सासूबाई ताम्हण घेऊन समोरच येत होत्या.

मी म्हटलं, "कुंडी तू हलवलीस. त्यांना सांगितलंस का?"

"हात लावून बघायचं ना मग. रोज देव ओळखता येतात, तुळस ओळखता येत नाही?"

माझ्या स्वयंपाकघरातली सुरी त्याने गॅसवर तापवली, सडकं बूड कापून काढलं, जखमेवर हळद फासली आणि झाड मातीविना वर्तमानपत्रावर सुकत टाकलं. त्याच दुपारी देव्हारा उचलून कपाटावर ठेवला, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही असा. "आता पूजा मी करीन. तू आराम कर," असं आईला सांगितलं. तेव्हा मला त्याची किळस आली. अजूनही येते.

त्याची पूजा म्हणजे ऑफिसला निघताना स्टूलवर चढून ओलं फडकं फिरवायचं. सासूबाई खुर्चीतून मला विचारायच्या, "देव न्हाले गो?"

"पुसले," मी म्हणायचे. त्या मान हलवायच्या आणि हात पदराखाली घ्यायच्या.

झाड जगलं. असली झाडं मरत नाहीत. उन्हाळा चढला तशी त्याच्या काटक्यांवर कळ्या आल्या आणि एके दिवशी ते अंगभर फुललं, गडद गुलाबी. फोटो काढून झाले, ग्रुपवर टाकून झाले, शेजारचे येऊन वाहवा करून गेले. मग त्याला आईकडूनही शाबासकी हवीशी वाटली. पन्नाशीचा माणूस कुंडी उचलून तिच्या मांडीशी घेऊन गेला.

"आये, बघ. फुललं."

त्यांनी बुडावरून हात फिरवला. कापलेल्या जागी बोटं थांबली. "कसा फुलवलंस?" त्यांनी विचारलं. त्याने सगळं हौसेने सांगितलं, पाणी कसं तोडलं, कसं कापलं, मातीबाहेर कसं टाकून ठेवलं.

"उपाशी ठेवल्यार फुलता," त्या म्हणाल्या. "ह्या मियांच तुका शिकवलंय."

तो हसला. दहावीच्या वर्षी धडा पाठ म्हटल्याशिवाय त्या त्याला जेवायला वाढायच्या नाहीत. मार खाऊन, उपाशी राहून तो तालुक्यात वरच्या नंबराने आला. ही गोष्ट तो लग्नाकार्यांत अभिमानाने सांगतो. "तेच ना आये. म्हणून तर माणसात आलो," तो म्हणाला.

त्यांनी कुंडीवरचा हात काढून घेतला. "तुका शिकूचा होता. झाडाक फुलूचा होता. माका आता कसला फूल येवचा म्हणान असा ठेवलंस रे?"

नवरा म्हणाला, "आये, तू पण ना," आणि कुंडी उचलून परत उन्हात नेऊन ठेवली.

मी स्टूल ओढलं आणि देव्हाऱ्याला हात घातला. स्टुलाचा आवाज त्यांनी ओळखला.

"ऱ्हवांदे गो," त्या म्हणाल्या. "तेनाच वर ठेवल्यान, तेनाच खाली काढूक होये. असो काढून दिलेलो देव माका नको."

ताठ बाई. मुलगा कुणावर गेलाय ते मला त्या क्षणी कळलं, आणि दोघांचाही सारखाच राग आला. मी स्टूल जागेवर ठेवलं. देव अजून कपाटावरच आहेत. तो ऑफिसला जाताना त्यांच्यावरून फडकं फिरवतो, आणि ते न्हाले का, हे सासूबाई आता विचारत नाहीत.