मामाजींचा नारळ

आमच्या नगरपंचायतीची जी काही कामं लोकांच्या खरोखर उपयोगी पडली, त्या सगळ्यांचं उद्घाटन माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी केलेलं आहे. ते कुठल्याही पदावर नाहीत. पदावर मी आहे, त्यांच्याच वॉर्डाचा नगरसेवक. सायकल दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून मामाजींच्या पिशवीत कायम एक नारळ असतो. आमच्याकडे काम पुरं झालं तरी नेत्यांची तारीख मिळेपर्यंत त्याला कुलूप घालायचा रिवाज आहे, आणि कुलूप पाहिलं की मामाजींच्या अंगाची लाही होते. नाल्यावर नवा रपटा, म्हणजे बुटका पूल, दिसला की नारळ फोडायचा, चार शब्द बोलायचे आणि खोबरं वाटत पलीकडे जायचं. आठवडी बाजारातल्या शौचालयाचं तर त्यांनी नारळ फोडून कुलूप काढलं, स्वतः आत जाऊन आले आणि बाहेर ताटकळलेल्या मंडळींना गंभीरपणे म्हणाले, "चांगलं हाय. जा." एकदा नारळ फुटला की ते काम पुन्हा बंद करायची कोणाची छाती होत नाही, उगाच अपशकून नको म्हणून. मग मुख्याधिकारी माझ्याकडे पाहतात आणि मी छताकडे पाहतो.

नाल्याकाठच्या टोलीतल्या, म्हणजे वस्तीतल्या नळाच्या वेळी मात्र मी सावध होतो. टाकी भरली होती, तोट्या बसल्या होत्या, कोनशिलेवर माझं नाव होतं. जाकीटसुद्धा नवं शिवून घेतलं होतं, फोटोत पोट दिसू नये असं. फक्त नेत्यांना वेळ नव्हता. तोवर टोलीतल्या बाया भर उन्हाळ्यात नाल्याच्या रेतीत झिरा उकरून पाणी भरत होत्या, आणि त्याच रेतीत वाघाचे पंजे उमटत होते. बायकोने विचारलं, एखादी बाई गेल्यावर तारीख मिळणार काय? मी तिला प्रोटोकॉल समजावून सांगितला. त्या दिवशी माझं ताट मलाच वाढून घ्यावं लागलं.

दुसऱ्या सकाळी टोलीतून हाक आली म्हणून धावलो. कुलूप अंधारातच, कोणी पाहायच्या आत तुटलेलं, तोट्या धो धो वाहत होत्या, घागरींची गर्दी झाली होती आणि मामाजी खोबरं वाटत होते. त्यांनी एक तुकडा माझ्याही हातावर ठेवला. काय करणार, खाल्ला.

नेते भडकले. पुढच्या सभेत मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, कुलूप कोणी तोडलं ते सांगा, आजच पोलिसात तक्रार जाईल. मामाजी दाराशी बसले होते. गुडघ्यांवर हात टेकून ते उठायला लागले आणि मला एकदम ठाण्यातलं बाकडं दिसलं, त्यावर हे असे बसलेले. एरवी सभेत माझं तोंड फक्त चहाला उघडतं. त्या दिवशी बोलून गेलो, "मी तोडलं." आता स्वतःच्याच नगरसेवकाविरुद्ध तक्रार कोण करतो? विषय तिथेच संपला.

मला वाटलं, म्हातारा गळ्यात पडेल. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "जवाईबापू, जिंदगीत एवढं एकच मोठं काम झालं माह्या हातून. तेबी तुमीच खाऊन टाकलं." त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद.

आता ते धाकट्या लेकीकडे वरोऱ्याला राहतात. माझी सभेतली कबुली टोलीत कधीच पोचली आहे; नवी सून आली की बाया माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणतात, याच भाऊनं आपल्याले पाणी देल्लं. मी जीव तोडून सांगतो की मी नाही, माझ्या सासऱ्यांनी. त्या एकमेकींकडे पाहून कौतुकानं हसतात. म्हणतात, पाय ना बाई, किती साधा मानूस हाय. बायको वरोऱ्याला फोन लावते तेव्हा मामाजी आधी टोलीतलं पाणी विचारतात, मग तिची तब्येत. मी लावला तर उचलत नाहीत.