गवईसरांचं लालबागेतलं प्रॅक्टिकल

सकाळी कॉलेजच्या लायब्ररीचं कुलूप उघडत होते, तेवढ्यात मुक्ताचा, गवईसरांच्या मुलीचा, फोन आला. "मावशी, बाबा गेले. झोपेतच..." त्याला महिना झाला. आता सरांची आठवण आली की आधी हसूच येतं.

विलास गवई महूचे, आजोबा फौजेतले. आमच्या सरकारी कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायला आले, 'अतिथी विद्वान' म्हणून. कायमच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, त्यांवर सरकार असे अतिथी नेमतं. शिकवाल त्या दिवसाचा पगार, सुट्ट्यांत काही नाही, आणि कायमचं माणूस बदलून आलं की अतिथीनं उठायचं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "सर, लायब्ररी कार्ड किती दिवसांचं करू?" म्हणाले, "मॅडमजी, पाहुण्याला कोणी तारीख विचारतं का? पहले चाय तो पिलाओ!"

पाहुणे सतरा वर्षं राहिले. मग एकदा ऐन परीक्षेच्या तोंडावर बदलीवर एक कायमच्या मॅडम आल्या आणि सरांना त्याच दिवशी जायचा कागद मिळाला. त्यांनी खडू ठेवला, मुलांना एवढंच सांगितलं, "उद्या सकाळी लालबाग. झाडांना ऑर्डर लागत नाही."

दुसऱ्या दिवशी मीही त्या बागेत गेले, पिशवीत लायब्ररीचं झाडांवरचं जाडजूड पुस्तक लपवून; सरांचं कार्ड आता बाद झालं होतं ना. सर खाली पडलेली पानं उचलून मुलांना ओळखायला लावत होते. तिसऱ्या दिवशी रिक्षातून त्या नव्या मॅडमच उतरल्या. आता तक्रार होणार, म्हणून मी पुस्तकाची पिशवी पाठीमागे सरकवली. पण त्या म्हणाल्या, "सर, मला हे शिकवून जमाना झाला. मीही बसू का?" सर खळखळून हसले. "बसा ना! हाजिरी घेत नाही मी."

मुलं सगळी पास झाली. पुढच्या वर्षी सरांना धारच्या कॉलेजात जागा मिळाली, तीही अतिथीचीच. कायमचे ते झालेच नाहीत. कायमच्या नोकरीची वयोमर्यादा उलटून गेली. आमच्याकडे जायचा कागद मिळाला, त्या दिवशी मात्र ते चहा न पिताच उठले होते...

परवा सुदामा नगरला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी, सरांच्या पत्नीनं, पलंगावरची गादी उचलून दाखवली. खाली जुन्या पेपरांत दाबून वाळवलेली पानं होती. सरांच्या अक्षरात झाडाचं नाव आणि शेजारी ते ओळखणाऱ्या मुलाचं.

"काढून ठेवा ना कपाटात," मी म्हटलं.

"पाठीला टोचतात खरी," वहिनी हसल्या, "पण राहू देत."

आणि त्यांनी गादी हलकेच खाली सोडली.