प्रोफाइलवरचा मेंढा

आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच, आणि तेही आजवर परीक्षेपुरतं. आठवणी लिहाव्यात त्या काहीतरी करून दाखवलेल्या माणसांनी, असं मला अजून वाटतं. मी काही करून दाखवलेलं नाही. ही गोष्टसुद्धा कॉम्प्युटरवरच्या एका छोट्या चौकोनातल्या बरोबरच्या खुणेची, टिकेची आहे. ती काढायची की ठेवायची, एवढीच. वाचणाऱ्याचा वेळ घेतोय याचा संकोच आहे. पण ती टिक ठेवली याबद्दल मी तेव्हा कुणाची माफी मागितली नाही आणि आताही मागणार नाही.

तेव्हा मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. घर मांडवगण फराट्याच्या वस्तीवर, कॉलेज भीमेच्या पलीकडं दौंड तालुक्यात. आमच्या कॉलेजात मुलाखती घ्यायला कंपन्या येत नसत. सर म्हणायचे, आता सगळं नेटवर असतं, तुमचं तुम्ही बघा. म्हणून शनिवारी आम्ही दौंडला एसटी स्टँडमागच्या नेट कॅफेत जाऊन बसायचो. आम्ही म्हणजे मी आणि राहू गावचा माझा वर्गमित्र. त्याच्या घरचा ऊस, चुलते सोसायटीचे चेअरमन. नोकरी मिळाली तर बरं, नाही मिळाली तरी बरं, असं त्याचं होतं. माझं तसं नव्हतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकून थोडी जमीन घेतली होती आणि आमचं फिरणं थांबलं होतं. माझ्या पाठची बहीण बारावीला होती. तिचं पुढचं कॉलेज माझ्या नोकरीवर ठरणार होतं. हे घरात कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

नोकरदारांसाठी एक वेबसाइट होती. दोस्तीच्या साइटींसारखी थट्टामस्करीची नाही. इथं फोटो टाय लावून टाकायचा, शिक्षण लिहायचं, आपल्या क्षेत्रातल्या लोकांशी ओळख वाढवायची. माझ्याकडं टाय नव्हता, मित्राचा लावून फोटो काढला. तिथंच एक ग्रुप होता. धनगर घरांतून शिकून इंजिनियर आणि अधिकारी झालेल्यांचा. तो चालवणारा दादा खुटबावचा, नात्यानं माझा लांबचा मावसभाऊ, पुण्यात एका मोठ्या कंपनीत. ग्रुप खरंच कामाचा होता. कुठं जागा निघाली, मुलाखतीत काय विचारतात, बायोडेटा कसा लिहायचा, सगळं तिथं कळायचं. ग्रुपचं चिन्ह दादानंच काढून घेतलं होतं. एक गोल आणि त्यात वळलेल्या शिंगांचा मेंढा.

मी ग्रुपात शिरलो तेव्हा खाली एक ओळ आली: हा ग्रुप माझ्या प्रोफाइलवर दाखवा. पुढच्या चौकोनात आधीच टिक होती. मी ती तशीच ठेवली. माझ्या टायवाल्या फोटोच्या खाली मेंढा येऊन उभा राहिला.

मित्र शेजारच्या खुर्चीवरून वाकून बघत होता. "लेका, तुझ्या टायखाली बोकड आलंय."

"मेंढा हाय त्यो."

"बोकड काय न् मेंढा काय, साहेबाला मटणच दिसणार."

"मंग तू ऊस टाक की तुझ्या खाली."

"टाकला असता, पर साहेब म्हणंल, रस कुठंय?"

कॅफेवाला काउंटरवरून ओरडला, "ए इंजिनियर, हळू हसा. बाकीच्यांचं चॅटिंग चाललंय."

त्या दिवशी मी ग्रुपातल्या लोकांची प्रोफाइलं एकेक करून उघडली. मला बघायचं होतं, मेंढा बाकीच्यांच्या फोटोखाली कसा दिसतो. तो कुणाच्याच फोटोखाली नव्हता. पाटबंधारे खात्यातल्या साहेबांच्या नव्हता, बँकेतल्या मॅडमच्या नव्हता, परदेशात गेलेल्यांच्या नव्हता. क्रिकेटचे ग्रुप दिसत होते, कॉलेजचे दिसत होते. शेवटी दादाचं प्रोफाइल उघडलं. त्याच्याही नव्हता. मला वाटलं, साइटीची काहीतरी गडबड असेल. म्हणून स्टँडवर येऊन त्याला फोन लावला.

"गडबड न्हाई रे," दादा म्हणाला. "टिक काढायची असती. तू बी काढ. मी तुझा बायोडेटा रांजणगावच्या एका कंपनीत देतोय. त्यांच्या एचआरच्या मॅडम माझ्या वळखीच्या हायेत. बायोडेटासंगं प्रोफाइलची लिंक बी जाणार. त्याआधी साफ करून ठिव."

"साफ म्हंजी?"

"म्हंजी ते चिन्ह नको. आपण कोण ते आपल्याला माहीत हाय. त्यांना कशाला?"

मी बरं म्हणालो. मोठ्या माणसाला एकदम नाही म्हणायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही. पण पुढच्या शनिवारी कॅफेत बसलो, तो चौकोन उघडला आणि माझा हात काही पुढं गेला नाही. ग्रुपच्या पहिल्या पानावर दादानं स्वतः लिहिलं होतं की आपण कुठून आलो हे अभिमानानं सांगायचं. कुणाला सांगायचं? ग्रुपातल्या लोकांना तर ते माहीतच होतं. मी पान बंद करून उठलो. टिक तशीच राहिली.

घरी गेल्यावर आप्पांना सांगितलं. वाटलं होतं, ते माझी पाठ थोपटतील. ते बांधावर बसून पाइपाचा जॉइंट आवळत होते.

"काढ की मंग," ते म्हणाले. "तुझं काय अडलंय?"

"आप्पा, तुम्ही आयुष्यभर मेंढरामागं फिरलात, कवा लपवलं का?"

"आरं, मेंढरं लपवता येत न्हाईत म्हणून न्हाई लपवली! लपवता आली असती तर पयलं म्या लपवली असती. लोक लांबनंच बघून काठी घिऊन शेताच्या कडंला हुबं ऱ्हायचे. हौसेनं दिसायचो व्हय आम्ही?" त्यांनी पाना खाली ठेवला. "तुला आता लपायची सोय झालीय तर लप. नोकरी लागू दे. मंग मिरव काय मिरवायचं ते."

मी खाली ठेवलेला पाना उचलून जॉइंट आवळायला घेतला. पण तेव्हाही मला वाटलं की लागल्यावर मिरवू, असं म्हणूनच ग्रुपातले सगळे लपले असणार. आणि लागून इतकी वर्षं झाली तरी कुणी बाहेर आलेलं नव्हतं.

दादा रविवारी गावी आला आणि मला चौफुल्याला चहाला बोलावलं. हायवेच्या कडेच्या हॉटेलात बसलो. त्यानं प्रोफाइल पाहिलेलं होतं.

"तुला सांगितलेलं कळलं न्हाई का?"

"कळलं, दादा."

"मंग?"

"मला न्हाई काढायची."

त्यानं कप खाली ठेवला. तो रागावला नाही, सांगू लागला. पहिल्या नोकरीत कॅन्टीनमध्ये एकानं त्याला विचारलं होतं, आता घरची मेंढरं कोण वळतं रे? टेबलावरचे सगळे हसले. "आन् मी बी हसलो," दादा म्हणाला. "त्यांचा राग गेला माझा. माझ्या हसण्याचा न्हाई गेला. तवापासून मी नुसता पुण्याचा. कुणी विचारलं तर पुणे. संपलं."

मला त्याचं वाईट वाटलं, आणि तरीही माझं मत बदललं नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते मला माहीत नाही.

"तुला वाटतंय तुझं तू बघशील," तो पुढं म्हणाला. "पर ह्यात तू एकटा न्हाईस. तुझ्या मेंढ्यावर कुणी क्लिक केलं की ग्रुप उघडतो. ग्रुप उघडला की सभासदांची यादी. सगळ्यांची नावं, सगळ्यांच्या कंपन्या. तुझ्या एका टिकेनं आम्ही सगळे उघडे पडतो. हे चालंल तुला?"

हे मात्र मला खरंच सुचलेलं नव्हतं. चहा गार झाला. दादानं कॅन्टीनचं सांगितलं नसतं तर कदाचित मी म्हणालो असतो, पडा उघडे. पण आता ते म्हणवेना. ज्याला झाकून राहायचं आहे त्याचा पडदा ओढण्याचा मला काय हक्क? पण मग माझ्यावर पडदा टाकण्याचा त्याला तरी काय हक्क?

"यादी बंद करता येती, दादा," मी म्हणालो. "ग्रुप तुम्ही चालवता. तुमच्या पानावर ते असणार. यादी फक्त सभासदांना दाखवायची. बाहेरच्यानं क्लिक केलं तर नुसतं ग्रुपचं नाव दिसंल."

"मी मुद्दाम उघडी ठेवली होती. नवीन पोरांना कळावं, आपल्यातलं कोण कुठं हाय."

"ती पोरं शोधाया येतील तवा त्यांना एक तरी माणूस उघडा दिसू द्या की. मी दिसतो. तुमची यादी झाका, माझी टिक राहू द्या."

"आन् नोकरी?"

"द्यायची असंल तर देतील."

"लई शाना झालास," दादा म्हणाला आणि चहावाल्याकडं वळला, "आरं, ह्याला अजून एक दे. ह्याचा गार झालाय. डोकं तेवढं गरम हाय."

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पुढच्या शनिवारी मी मित्राला त्याच्या खात्यातून माझं प्रोफाइल उघडायला लावलं, कारण तो ग्रुपात नव्हता. त्यानं मेंढ्यावर क्लिक केलं. ग्रुपचं नाव आलं, चिन्ह आलं, आणि खाली लिहून आलं की यादी फक्त सभासदांसाठी आहे.

"दार लावलंय तुमच्यात," मित्र म्हणाला. "आन् तू एकटाच बाहेर व्हय?"

"व्हय."

"मंग बस थंडी खात."

मुलाखतीचा फोन आला. रांजणगावला कंपनीच्या गेटवर वहीत नाव लिहून आत गेलो. गार खोलीत एचआरच्या मॅडम आणि प्रॉडक्शनचे एक साहेब बसले होते. साहेबांनी लेथ, मिलिंग, प्रोजेक्ट, सगळं विचारलं. बरं जमलं. मग मॅडमनी समोरच्या स्क्रीनकडं बघत विचारलं, "हा कसला ग्रुप आहे?"

घरून निघताना मी याची उत्तरं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हणालो, "मॅडम, आम्ही धनगर. वडिलांची मेंढरं होती. आता शेती आहे. आमच्यातले जे शिकले त्यांचा ग्रुप आहे. त्यात एकमेकांना मुलाखतीची तयारी सांगतात."

"मग तयारी झाली म्हणायची," त्या म्हणाल्या आणि हसल्या. ते हसणं कॅन्टीनमधल्यासारखं नव्हतं, निदान मला तसं वाटलं नाही. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "राहायला कुठं?"

"मांडवगण फराटा, सर."

"म्हणजे इथलेच."

"हो सर. शिरूर तालुकाच."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. कळवतो म्हणाले.

मग वाट बघणं सुरू झालं. त्या दिवसांत मी पुष्कळदा डगमगलो, हे सांगायला हवं. बहीण अभ्यासाला बसलेली दिसली की तिच्या कॉलेजची फी डोळ्यांपुढं यायची. एकदा कॅफेत चौकोन उघडलासुद्धा. मनात आलं, आता काढली तर कुणाला कळणार? त्यांनी बघायचं ते बघून झालं. आणि नेमकं त्याच विचारानं चीड आली. कुणाला कळणार नाही म्हणून काढायची, आणि कळेल म्हणूनही काढायची, तर मग ठेवायची कधी? मी दादाला मेसेज टाकला की निकाल काहीही लागो, टिक राहणार. त्याचं उत्तर आलं नाही.

फोन आला तो एका सकाळी. लाइट नुकतीच आली होती आणि मी मोटार चालू करायला विहिरीवर गेलो होतो. दादा होता.

"तुझं झालं न्हाई," तो म्हणाला.

मी मोटारीच्या आवाजापासून लांब गेलो. "मेंढ्यामुळं?"

"न्हाई रे. त्याचं नावसुद्धा कुणी काढलं न्हाई. मॅडमना तर तू आवडला होतास, पोरगा सरळ बोलला म्हणाल्या. पर नाव वर गेलं तवा वरच्या साहेबानं गाव बघितलं. म्हणाला, लोकल नको. इथली पोरं घेतली की सुट्ट्या मागत्यात, युनियन करत्यात, गावातला पुढारी गेटवर येतो. त्यांचं आधीपासनं ठरलेलंच हाय म्हणं. मला बी आत्ता कळलं."

मी बांधावर बसलो. ज्यासाठी आम्ही चौफुल्याला भांडलो त्याच्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

दादा म्हणाला, "गाव तर प्रोफाइलवर सगळ्यांनाच दिसतं. त्याला टिकच न्हाई."

"असती तरी म्या काढली नसती, दादा."

"ते कळलंय आता मला." तो म्हणाला. "कुरकुंभला एका कंपनीत जागा हाय. तालुका दौंड, म्हंजी तिथं तू लोकल न्हाईस. बायोडेटा आजच पाठवतो. लिंक हाय तशीच पाठवू?"

"हाय तशीच," मी म्हणालो.