चपलांचा अठरावा जोड

आदरणीय भास्करराव शिंगवेकर सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मीही लिहावे असा निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. सरांच्या बरोबरीचे शिक्षक लिहिणार, तिथे मॅट्रिकपर्यंत शिकून संसारात पडलेल्या बाईने काय लिहायचे? पण आमच्या गुरुवारच्या वर्गाची वही पहिल्यापासून माझ्याकडे आहे. शिवाय ज्या चित्रपटावरून सरांना बोल लागला, त्यातली मूळ चूक माझी होती. ती मीच लिहिलेली बरी.

सरांची आणि माझी ओळख चंद्रामुळे झाली. माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षीची गोष्ट. सर नुकतेच राहात्याहून बदलून केडगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले होते. संकष्टी जवळ आली आणि आमच्या जाऊबाईंनी, त्या जरा फटकळच, घरात प्रश्न टाकला : ज्याच्या अंगावर कुणी बूट घालून चालून आलं, त्याला अर्घ्य द्यायचं व्हय? उपास तर मला सोडवेना आणि उत्तरही सुचेना. मुलीची प्रयोगवही द्यायला शाळेत गेले होते, तेव्हा भीत भीत सरांना विचारले. सर हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, नदीत म्हशी डुंबतात, म्हणून तुम्ही नदीची ओटी भरायची सोडता का? मग चंद्रानंच काय घोडं मारलंय?"

जाऊबाईंनी त्या संकष्टीला मुकाट्याने अर्घ्य दिले. आणि सरांना रिकामा वेळ असतो का, हेही त्यांनीच विचारायला लावले.

तेव्हापासून आमच्या आळीतल्या दत्ताच्या देवळात गुरुवारी दुपारी बायकांचा वर्ग भरू लागला. आधी पोथी, मग सरांचे बोलणे. वर्ग आहे की नाही हे कुणाला विचारावे लागत नसे. टायरच्या तळव्याच्या, डावा अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेल्या सरांच्या चपला दारात दिसल्या की वर्ग आहे. ताऱ्यांचा उजेड आपल्यापर्यंत यायला किती वर्षे लागतात हे सांगता सांगता ते युगांच्या मोजणीवर येत. पिठाचे डबे घासायचे सोडून आम्ही ऐकत बसू.

परदेशातले अंतराळाचे चित्रपट हा त्यांचा आवडता विषय. सर सांगत, वरून यंत्रे दिसतात, पण आत प्रश्न आपल्या पोथीतलेच असतात. यानात हजार वर्षे निजलेला माणूस पाहिला की त्यांना शेषशायी विष्णू आठवे. एक जग बुडून दुसरे उगवले की प्रलय आठवे. मात्र आमच्यातली एक जण म्हणाली की गोऱ्यांनी हे सगळे आपलेच चोरले, तेव्हा सरांना ते रुचले नाही. भूक सगळ्यांनाच लागते, म्हणून चूलही सगळीकडे असते, असे ते म्हणाले.

अशाच एका गुरुवारी त्यांनी फळ्यावर लिहिले : रविवारी सकाळी नगरला इंग्रजी विज्ञानपट, विषय : अंतराळ आणि दर्शन. ज्या आल्या नव्हत्या त्यांना कळवायचे काम माझे. मला कागद वाया घालवलेला सोसत नाही. कॅलेंडरच्या फाडलेल्या तारखांच्या पाठीवर मावेल एवढेच लिहिले : रविवारी सकाळी सरांबरोबर दर्शनाला जायचे आहे, आठची गाडी. दर्शन म्हणजे तत्त्वज्ञान, हा अर्थ मला तेव्हा ठाऊकच नव्हता. मला वाटले, चित्रपटात देव दिसणार. पौराणिक चित्रपटाला आम्ही जातो तशाच निघालो.

सतरा जणी ठेवणीतली लुगडी नेसून एस. टी.तून उतरलो. चौघींच्या हातात ओटीचे ताट. लष्कराच्या बाजूच्या त्या थिएटराच्या पायरीवर आम्ही ओळीने चपला काढल्या. आत जाणारे जवान थांबून बघू लागले. दारावरचा माणूस म्हणाला, "मावशे, इंग्लिश पिच्चर हाय. आत देव न्हाई."

आमच्यात सर्वांत वडील सरूआजी. देवस्थानचे पंच बापूसाहेब, त्यांच्या त्या आई. त्या म्हणाल्या, "तू बघितलास का आत जाऊन?"

"रोज बघतो की."

"मंग तुला दिसला न्हाई, एवढंच."

जवान हसले. तेवढ्यात सर तिकिटे घेऊन आले. त्यांनी चपलांची ओळ पाहिली, ताटे पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. माझा चेहरा उतरला, कारण काहीतरी चुकले हे मला कळले होते. सर मला रागावले नाहीत. दारावरच्या माणसाला त्यांनी एवढेच सांगितले की नारळ आत फुटणार नाही, माझी हमी. आम्ही पुढे झालो, ते मागून आले.

इंग्रजी संवाद आम्हाला कळले नाहीत. पण शेवट कळला, कारण सर मागून हळूच अर्थ सांगत होते. एक प्रवासी दूरच्या ग्रहावर एका बंद दारापाशी पोचतो. दार त्याला विचारते, तू कोण? तो नाव सांगतो, तांबडा दिवा लागतो. हुद्दा सांगतो, तांबडा. देश सांगतो, तांबडाच. मग तो छातीवरची पदके काढतो, डोक्यावरचे काचेचे भांडे काढतो. दार उघडत नाही. सरूआजी मोठ्याने म्हणाल्या, "बूट काढ की बाबा. बुटानं कोन घेतंय आत?"

आणि त्या प्रवाशाने खाली वाकून बूट काढले. मग अनवाणी, काही न बोलता उभा राहिला. दार उघडले. आत नुसता उजेड.

कोणी हसले नाही. आम्ही सतराही जणी उठून उभ्या राहिलो होतो, हे बसताना कळले. निघताना आजींनी पडद्याखाली नारळ ठेवला.

गाव मात्र हसले. केडगावच्या बायकांनी रॉकेटची ओटी भरली, असे चार दिवसांत पाणवठ्यापर्यंत झाले. बापूसाहेबांना आपल्या आईचे नाव लोकांच्या तोंडी आलेले लागले. देवळात बैठक बसली. बायकांना फसवून सिनेमाला नेले असे सरांनी लिहून द्यावे, वर्ग बंद करावा, असे ठरू लागले. आठवड्यातले ते दोन तासच आम्हाला स्वतःचे होते. खांबाआड उभ्या राहून आम्ही ऐकत होतो.

सरांनी वाद घातला नाही. लगेच म्हणाले, "चूक माझी आहे. शब्द मी नीट समजावून दिला नाही. आणा कागद." चिठ्ठ्या कोणी लिहिल्या हे त्यांना पुरते माहीत होते. माझे नाव त्यांनी घेतले नाही.

तोवर पुरुषांच्या बैठकीत मी कधी बोलले नव्हते. जाऊबाईंनी पाठीत बोट खुपसले आणि मी पुढे झाले. चिठ्ठ्या माझ्या, हे आधी सांगितले. मग तो प्रवासी, ते दार, ते तांबडे दिवे, जमेल तसे सांगितले. नाव म्हणजे मी नव्हे, देह म्हणजे मी नव्हे, हे याच सभामंडपात ऐकत आम्ही म्हाताऱ्या झालो. त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिले, असे मी म्हणाले. बापूसाहेबांनी विचारले, ते ठीक, पण चारचौघांत हसे झाले ते बायकांचेच ना?

तेव्हा मी म्हणाले, "आम्ही सतरा जणी होतो, बापूसाहेब. बाहेर आलो तेव्हा पायरीवर चपलांचे जोड अठरा होते. अठराव्याचा अंगठा तारेनं बांधलेला होता."

बैठकीतल्या सगळ्यांच्या नजरा सरांकडे वळल्या. सर खाली बघत होते. चित्रपटात पुढे बूट निघणार हे त्यांनाही माहीत नव्हते. तो त्यांनी तोवर पाहिलाच नव्हता. आम्हा एकट्या बायकांनाच लोकांनी हसू नये, एवढ्यासाठी ते अनवाणी आत आले होते.

कागद कोणी आणला नाही. पुढच्या गुरुवारी वर्ग भरला, तो आजवर भरतो आहे. दुष्काळी कामे चालू होती त्या उन्हाळ्यातही खाडा पडला नाही. सरूआजी पहिल्या येतात. बापूसाहेब आत येत नाहीत. पण गुरुवारी दुपारी देवळाबाहेरच्या कट्ट्यावर, ऐकू येईल इतक्या जवळ, बसलेले असतात. चपला घालूनच. आजी म्हणतात, "निघतील, निघतील. त्याचा बी पिच्चर संपायचा हाय."

सर, आपल्याला साठ पुरी झाली. चिठ्ठी मी पुन्हा आखूडच लिहीन, कागद महाग आहे. आपण अर्थ सांगत राहावे. दत्तगुरूंकडे आम्हा सर्वजणींचे एवढेच मागणे आहे की त्यांनी आपल्याला धडधाकट ठेवावे, आणि पुढची कितीतरी वर्षे, गुरुवारी दुपारी आम्ही लगबगीने देवळापाशी येऊ, तेव्हा तारेने बांधलेल्या त्या चपला आमच्याआधी दारात दिसाव्यात.

— सौ. कमल पाठक, केडगाव