बटन तुटलं व्हय?

आमचा बाप दारूला कधी शिवला नाही. लोकांना वाटतं, दारुड्याच्याच घरात असलं काही होतं. आमचा पूर्ण शुद्धीत मारायचा. आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत नीट ठेवायचा, मग हात उचलायचा. मला नाही, धाकट्या भावाला. पाढा चुकला, दूध सांडलं, वर मान करून बघितलं, कायबी कारण पुरायचं. आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं राखायचं काम. बापानं ते सोडून वाळूजला कंपनीत नोकरी धरली, पण काठी तेवढी सोबत आणली. गल्लीतल्या बाया कौतुक करायच्या, "पोराला लई धाक हाय बरं का." आग लागो त्या धाकाला!

कॉलर धरून ओढलं की शर्टाची बटनं तुटायची. दुसऱ्या दिवशी माय बिस्किटाच्या डब्यातून त्याच रंगाचं बटन हुडकायची आणि शाळेची घाई म्हणून शर्ट त्याच्या अंगावर असतानाच लावायची. त्या माराबद्दल चकार शब्द नाही. "हलू नको, सुई लागंल," एवढंच म्हणायची.

भाऊ एकवीस वर्षांचा झाला. एकदा दुपारी त्याचे दोन दोस्त दारात आले. त्यातला एक दबक्या आवाजात म्हणाला, "बटन हाय का?" माय भाकरी थापत होती. तशीच पिठाच्या हातानं उठली आणि डबा घेऊन आली. "कुणाचं बटन तुटलं व्हय रे? काढ शर्ट, लावून देते." पोरं खी खी हसली. मीसुद्धा हसले, मायच्या भोळेपणाला. भाऊ तेवढा हसला नाही.

आमच्या शहरात नशेच्या गोळीला बटन म्हणतात, हे मला महिन्याभरानं कळलं. तो बसस्टँडच्या मागं बेशुद्ध सापडला, तेव्हा.

दवाखान्यात एका मॅडमनी आम्हाला सगळ्यांना समोर बसवून विचारलं, "लहानपणी याला घरात मारहाण व्हायची का? खरं सांगा, पुढचे उपचार त्यावर ठरतील." माय म्हणाली, "नाय बाई, कोण मारतंय?" मॅडम माझ्याकडं वळल्या. भाऊपण माझ्याकडंच बघत होता. मी सगळं बघितलेलं होतं, दाराआड उभं राहून. सव्वीस वर्षांची कमावती बाई मी, कंपनीत सुपरवायझरला तोंडावर सुनावणारी. पण बापानं मनगटावरचं घड्याळ नुसतं चाचपलं आणि माझी बोबडी वळली. "नाय हो मॅडम. एकुलता एक पोरगा, लई लाडात वाढला."

भाऊ खाली बघून म्हणाला, "ताई सांगती ते बरोबर हाय."

घरी आला आणि तीन आठवड्यांत पुन्हा गोळ्या सुरू झाल्या.

आता तो व्यसनमुक्ती केंद्रात आहे, तिसऱ्यांदा. गेल्या रविवारी मी एकटीच गेले. घरी कुणाला सांगितलं नाही. तिथल्या डॉक्टरांपुढं सगळं ओकून टाकलं, काठीसकट. मग त्याच्यापुढं जाऊन बसले. म्हणाले, "बाळा, मी त्या दिवशी खोटं बोलले. आज खरं सांगून आले."

तो नखं कुरतडत बसला.

"म्हंजी ते झालतं ना, ताई? तुम्ही सगळी नाय म्हणली, तवा मला वाटलं माझंच डोकं फिरलंय. गोळ्यांनी कायबी आठवतंय मला."

"झालं होतं रे. सगळं झालं होतं. मी होते ना तिथं, दाराआड."

त्याचा चेहरा क्षणभर मोकळा झाला. अगदी लहानपणीसारखा. मला वाटलं, चला, काहीतरी सावरलं.

मग त्यानं विचारलं, रागानं नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून, "मग तू मधी का नाय पडली गं?"

भेटीची वेळ संपली म्हणून बोलवायला माणूस आला, तरी तो माझ्या तोंडाकडंच बघत होता.