घाटावरचा पुकारा

आमच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटावर सकाळी एखादं कुत्रं मागचे पाय वाकवून बसलं, की भोंगा कडाडायचा. "मैदानात आलाय अन्वरभाईंचा टायगर. टायगर थांबला. टायगर बसला. अन्वरभाई, तुमची बारी लागली हाय. पुढं या राव, लाजू नका." आणि जुन्नरला बांगड्यांचं दुकान असलेले, एरवी हसायलाही वेळ लावणारे अन्वरभाई खुरपं आणि रद्दीचा कागद घेऊन पळत सुटायचे.

पुकारणारे म्हणजे सोपाननाना. शर्यतीत एकेका गाड्याच्या पळण्याला आमच्याकडे बारी म्हणतात, आणि नानांचं सगळं आयुष्य यात्रांमध्ये बाऱ्या पुकारण्यात गेलं. घसा बसला तेव्हा यात्रा सुटल्या. पण गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ राहिलं आणि खांद्याला भंगारवाल्याकडे असतो तसला बॅटरीवरचा भोंगा. बैल विकले, तेव्हा लाडक्या बैलाचं नाव त्यांनी कुत्र्याला दिलं. पाखऱ्या.

आमच्याकडे ऊस आहे, म्हणजे बिबट्या आहे. त्यामुळे कुत्री रात्री लोखंडी पिंजऱ्यात असतात आणि दिवसा शेजाऱ्याच्या कोंबड्यांपायी साखळीला. मोकळं सोडायला जागा एकच, यात्रा सोडून वर्षभर रिकामा पडलेला हा घाट. दोन्हीकडे बांध, मध्ये सरळ चढाची धाव. पाखऱ्या तिथं सुटला की नाना म्हणायचे, "बघा, आता कुत्र्यात जीव आला."

पण कुत्री आली तिथं घाणही आली. एका सकाळी यात्रा कमिटीचे अध्यक्ष घाट बघायला आले आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या लेंग्यानिशी बांधावर बसले. कशावर बसले, ते उठल्यावर कळलं. "यात्रेआधी पुन्हा येतो," ते म्हणाले. "एवढीशी घाण दिसली तरी फाटक लावून कुलूप. कुत्री घरी बांधा."

नाना त्या दिवशी चहासुद्धा प्यायले नाहीत. "रातभर पिंजऱ्यात अन् दिवसभर साखळीला," ते म्हणाले. "बिबट्या भाईर मोकळा अन् आमचा पाखऱ्या आत. गुन्हा कुणी केला, तेवढं सांगा." दुसऱ्या दिवशी घाटाच्या कडेला खड्डा खणला, शेजारी चुलीतली राख आणून ठेवली आणि भोंगा चालू केला.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.कॉम., फर्स्ट क्लास. हे मी कुणापासून लपवत नाही, आणि नानांनी तर लपवायची सोयच ठेवली नाही. "मैदानात आलीय बी.कॉम. फर्स्ट क्लास मालकाची चिंगी. पदवीधर मालक निघाले, चप्पल सुटली, मालक थांबले न्हाईत." माझी पदवी इतक्या मोठ्या आवाजात कॉलेजनेही कधी जाहीर केली नव्हती. मला आवडायचं ते. चिंगी बसेना, तर मीच तिला 'बस की बाई' म्हणायचो.

घोळ झाला तो घड्याळामुळे. कुत्रं उठल्यापासून घाण खड्ड्यात पडेपर्यंतचे सेकंद नाना मोजू लागले आणि शर्यतीसारखंच कमी सेकंदवाल्यांना पहिल्यात, बाकीच्यांना दुसऱ्यात बसवू लागले. गाडामालकांच्या गावात सेकंद मोजणं म्हणजे पेटत्या चुलीत रॉकेल. माणसं वेळ कमी यावी म्हणून कुत्र्याचं उरकायच्या आतच खुरपं घालू लागली. बिचारी कुत्री दचकून अर्ध्यातून उठायची. एकाने बाऱ्या जास्त मिळाव्यात म्हणून कुत्र्याला भाकरी वाढवली. आणि एक दिवस दोघांनी अक्षरशः एकमेकांची गचांडी धरली. "माझ्या कुत्र्याची तू का उचलली?" "तू झोपला व्हता का मग?" नानांनी भोंग्यातून निकाल दिला, "बारी बाद. घाण परत जागेवर ठेवा, मालक स्वतः उचलतील." आणि ती खरोखर परत ठेवली गेली.

अध्यक्ष कमिटीला घेऊन आले, तेव्हा घाट पुसल्यासारखा होता. वर, गाडा पोचला की निशाण खाली टाकतात त्या जागेपर्यंत चालत गेले. नाव ठेवायला काही सापडेना. आम्ही खाली उभे. तेवढ्यात पाखऱ्या सुसाट चढ चढून गेला, अध्यक्षांच्या पुढ्यात थांबला, एक गिरकी घेतली आणि बसला.

नानांनी भोंगा तोंडाशी नेला. गप्प राहिले असते तर चाललं असतं, असं अन्वरभाई अजून म्हणतात. पण नानांनी पुकारलं. "मैदानात आलाय सोपाननानांचा पाखऱ्या. चुकीच्या जागी बसला हाय. मालकाचा गुडघा अधू हाय, पण मालक येतोय." भोंगा माझ्या हातात कोंबला, खुरपं उचललं आणि तो चढ धरला.

मग मी पुकारलं. काय पुकारलं ते आठवत नाही, पण बांधावरचे सगळे भिर्रर्र करून ओरडत होते. आणि वर अध्यक्षांनी, जे स्वतः जुने गाडामालक, खिशातला रुमाल कधी काढला आणि निशाणासारखा कधी उंच धरला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. नाना पोचले, वाकले, उचललं. रुमाल खाली पडला.

"झाली बारी," अध्यक्ष म्हणाले. मग त्यांना कमिटी आठवली. त्यांनी घसा खाकरला. "फाटक नको. पण नाना, पळताना तुमी डावीकडं लई झुकताय. टाईम जातो त्याच्यात."

"बैल बी तसाच व्हता माझा," नाना धापा टाकत म्हणाले.

नाना मागल्या थंडीत गेले. पाखऱ्या आता माझ्याकडे आहे, चिंगीशी त्याचं पटत नाही. अध्यक्षांनी या वर्षी एक पिल्लू पाळलं. पहिल्याच सकाळी ते पिल्लू घाटाच्या पार वरच्या टोकाला जाऊन बसलं आणि अध्यक्ष इस्त्रीच्या लेंग्यात, खुरपं घेऊन धावले. खड्ड्यापाशी परत आले तेव्हा तोंडाला फेस आला होता. राख टाकली, कंबरेवर हात ठेवले आणि आमच्याकडे बघून विचारलं, "किती आली रं?"

घड्याळ कुणीच लावलं नव्हतं.

"पहिल्यात बसलात, अध्यक्ष," मी म्हणालो.