हेलियमला हात नसतो

सर गेल्याचं मला जवळा बाजारच्या एसटीत कळलं. माझी वर्गमैत्रीण सुनंदा शेजारी येऊन बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “आपले विज्ञानाचे सर गेले गं, सोमवारी.” मी हात सोडवून घेतला आणि खिडकीबाहेर पाहत बसले. त्याच रविवारी मी त्यांच्याकडे जाणार होते. महिना झाला त्याला, पण अजून कशात मन लागत नाही.

मी शाळेत होते तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता. हट्ट्याच्या बाजूला आमचं गाव, आणि बौद्धवाड्यातून नववीपर्यंत पोचलेली मी एकटीच पोरगी. अणू जुळून रेणू कसा होतो, हे पुस्तकातून कुणाच्या डोक्यात शिरेना. मग सर म्हणाले, “संयुजा म्हंजी हात. हायड्रोजनला एक, ऑक्सिजनला दोन. चला मैदानात, पाणी करू.” मला ऑक्सिजन केलं. मी दोन्ही हात पसरून उभी. दोन्ही बाजूंना एकेक हायड्रोजन, उजवीकडं सुनंदा. हायड्रोजननं एक हात पाठीमागं ठेवायचा आणि दुसरा पुढं करायचा, असा सरांचा नियम. त्या दोघींनी दोन्ही हात पाठीमागं नेले. सरांनी त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि घाईनं म्हणाले, “माझंच चुकलं. ही ऑक्सिजन न्हाई, हेलियम हाय. राजवायू! त्याला कुणाची गरज नसती.” दुसरी पोरगी माझ्या जागी आली आणि पाणी बराबर तयार झालं. सुनंदाला यातलं काही आठवतही नसेल.

खरं सांगते, मला तेव्हा आनंदच झाला होता. घरी जाऊन फुशारकी मारली. आई भाकरी थापता थापता थांबली. “राजा हाय, तर एकटीला काहून उभं केलं?” तिचं म्हणणं मला फार उशिरा कळलं.

सरांचे उपकार मी विसरणार नाही. बारावीनंतर सायकल मारत ते आमच्या घरी आले, माझ्या वडिलांशी तासभर हुज्जत घातली, म्हणून मी हिंगोलीला बी.एस्सी. केलं, म्हणून आज शाळेत शिकवते. पण तो दिवस काही केल्या गिळता येईना.

शेवटची भेट दवाखान्यात. सर पार वाळून गेले होते. विषय त्यांनीच काढला. “त्या पोरींना दटावायला पायजे होतं मी. त्यांच्या बापांना भ्यालो, लेकरा.” आणि चादरीतून हात पुढं केला. इतकी वर्षं मी याचीच तर वाट पाहत होते! पण माझी मेली जीभ… “सर, हेलियमला हात नसतो,” मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि हात हळूच चादरीत घेतला. जिना उतरताना वाटलं, बरी जिरवली. घरी पोचेपर्यंत मात्र चादरीत गेलेला तो हात डोळ्यांपुढून हलेना. रविवारी जायचं आणि आपणच हात धरायचा, असं ठरवलं. सर काही रविवारपर्यंत थांबले नाहीत.

परवा नववीला तोच धडा आला. पोरींना मैदानात न्यायची माझी हिंमत झाली नाही. फळ्यावरच अणूंची अक्षरं काढली, त्यांना जोडणाऱ्या रेघा ओढल्या. मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, “मॅडम, हेलियमला रेघ काहून न्हाई?”

“त्याला कुणाची गरज नसती,” मी म्हणून गेले… अगदी सरांसारखं, त्याच घाईनं. पोरींनी ते वहीत लिहून घेतलं. मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले, तास संपेपर्यंत.